बारावी पिशवी

शरच्चंद्र निसळांनी पुस्तकाची प्रस्तावना सगळ्यात आधी लिहून टाकली, आणि सगळा घोळ तिथेच झाला. लोक आधी पुस्तक लिहितात, मग प्रस्तावना. पण तहसील कचेरीत पस्तीस वर्षं घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं पेन नियम ठरल्याशिवाय पुढे सरकत नाही. प्रस्तावनेच्या तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं, 'प्रस्तुत ग्रंथात केवळ कागदोपत्री पुरावा असलेल्या नोंदी घेतल्या आहेत. तोंडी माहिती ग्राह्य धरलेली नाही.' हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की सावेडीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्यांनी ते दोन वेळा म्हणून दाखवलं. कट्ट्यानं माना डोलावल्या आणि परत गुडघ्यांच्या तेलाचा विषय काढला.

ग्रंथ होता एका पॅराशूट पलटणीचा. एकाहत्तरच्या लढाईत ही पलटण विमानातून शत्रूच्या मुलखात उतरली होती. पन्नास वर्षं उलटून गेल्यावर तिच्या माजी सैनिकांच्या संघटनेला जाग आली की आपला इतिहास कुणी लिहिलाच नाही. संघटनेचे अध्यक्ष, पुण्याचे एक निवृत्त कर्नल, लेखक शोधत होते. शरच्चंद्रांनी स्वतः जन्मात स्टुलावरूनही उडी मारली नव्हती, पण त्यांचे थोरले बंधू भालचंद्र, म्हणजे दादा, त्या पलटणीत लान्स नायक होते. शिवाय शरच्चंद्रांचं अक्षर चांगलं होतं. कर्नलसाहेबांना एवढं पुरलं.

पुस्तकाची नऊ प्रकरणं होती. नऊच्या नऊ पलटणीची. पलटणीबरोबर त्या लढाईपुरत्या जोडून दिलेल्या बाकीच्या तुकड्या, म्हणजे तोफांवरची माणसं, पूल बांधणारे, बिनतारीवाले, डॉक्टर, यांना शरच्चंद्रांनी मागे परिशिष्टांत बसवलं होतं. परिशिष्ट अ, ब आणि क त्यांच्यात वाटून दिलं. परिशिष्ट ड मध्ये एकच शब्द होता, 'इतर', आणि त्याच्याखाली कोरा कागद.

चौथं प्रकरण दादांचं होतं. ते लिहिताना शरच्चंद्रांचा हात जरा सैल सुटला, हे कबूल केलं पाहिजे. उडीच्या आदल्या दिवशी तयार झालेली, कोण कुठल्या विमानातून उडी मारणार याची यादी त्यांना मिळाली होती. तिच्यात दादांचं नाव होतं, म्हणजे कागद होता. पण कागदावर नुसतं नाव. बाकीचं शरच्चंद्रांनी भरलं. विमानाचं उघडं दार, खाली पसरलेली भातखाचरं, 'जय' म्हणून झेपावलेले दादा. खरं सांगायचं तर दादांनी उडीबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. विमानतळावरचा चहा कसा होता, इंजिनाच्या आवाजानं कानात दडे कसे बसले, हे ते रंगवून सांगायचे. पण "मग उडी मारली तेव्हा?" असं विचारलं, की म्हणायचे, "त्यात सांगण्यासारखं काही नाही." घरादारानं या विनयाचं आयुष्यभर कौतुक केलं.

दादांनी एक आठवण मात्र मागे ठेवली होती. सावेडीच्या बंगल्यात खाली दिवाणखान्यात एक चौकट टांगलेली होती, आणि तिच्यात पॅराशूटचं कार्ड. प्रत्येक पॅराशूटला असं एक कार्ड असतं. ती कधी बांधली, कुणी तपासली, याच्या तारखा आणि सह्या त्याच्यावर असतात. दादांनी ते स्वतः चौकटीत बसवून घेतलं होतं, कडेनं जाड तपकिरी पुठ्ठा लावून. डिसेंबरातल्या त्या तारखेला ते दरवर्षी कार्डाला झेंडूचा हार घालायचे. दादा गेल्याला सहा वर्षं झाली, तरी त्यांच्या पत्नी, विजयावहिनी, हार घालत होत्या. वहिनी खाली राहायच्या, विधुर शरच्चंद्र वर, आणि जेवण दोघांचं खाली.

माजी सैनिकांनी माहिती द्यावी, असं निवेदन शरच्चंद्रांनी पेपरात दिलं. ते वाचून जी माणसं आली, त्यांत कोल्हारचे सोपान बन्सी साळवे होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, काटक, टोपी हातात धरलेली. बरोबर नात होती रश्मी, राहात्याच्या शाळेत शिक्षिका. तिनं येताना पेरूंची पिशवी आणली होती आणि चेहऱ्यावर पुरेपूर अविश्वासही.

"आमी पलटनीचे न्हाई, सायेब," सोपान म्हणाले. "डेपोतून दोन म्हयन्यासाटी जोडून दिलेले. पॅराशूट बांधायला. त्या उडीला माज्या टेबलावरनं एकशेचाळीस गेल्या. एकबी अडकली न्हाई."

"छान. डिस्चार्ज बुक आणलंय?"

"प्रवरेला पूर आला तवा घरात पानी शिरलं हुतं. ट्रंकंत हुतं पुस्तक. लगदा झाला त्याचा."

"बदलीचा हुकूम? एखादं पत्र?"

"सगळं त्याच ट्रंकंत."

शरच्चंद्रांनी चष्मा काढून पुसला. कचेरीत नकार देण्याआधी ते असंच करायचे. "साळवे, गैरसमज नको. पण तोंडी माहिती आम्ही ग्राह्य धरत नाही."

"मग सर, तुमच्या पुस्तकातल्या पॅराशूट आपोआप घड्या होऊन आल्या होत्या का?" रश्मीनं विचारलं. "गावात आजोबा सांगायला लागले की पोरं हसतात. म्हणतात, म्हातारा विमानाला इस्त्री करायचा. पुस्तकात एक ओळ आली तर यांच्या डोळ्यादेखत एवढं तरी थांबेल, म्हणून आलोय आम्ही. दुसरं काही नको."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. सोपान उठून उभे राहिले ते उभेच. त्यांची नजर भिंतीवरच्या चौकटीवर गेली होती. ते जवळ गेले. सुकलेला हार, काच, कार्ड, सगळं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"माझ्या दादांचं," शरच्चंद्र अभिमानानं म्हणाले. "याच पॅराशूटनं उतरले ते."

"निसळसायेब... हायेत?"

"सहा वर्षं झाली."

सोपाननी चौकटीला हात जोडले. चहा अर्धाच पिऊन ते म्हणाले, "चल रश्मी. सायबाचं बराबर हाय. कागुद पायजे." रश्मी रागानं लाल झाली होती. शरच्चंद्रांना वाटलं, अशिक्षित असूनही नियमाची कदर आहे माणसाला. सोपान जुने मॅट्रिक होते, पण शरच्चंद्रांनी ते विचारलं नव्हतं, आणि कागद तर नव्हताच.

पुढचे दोन महिने रश्मीनं पत्रांचा सपाटा लावला. लष्कराच्या दप्तरातून उत्तर आलं की इतक्या जुन्या तात्पुरत्या नेमणुकांची नोंद उपलब्ध नाही. तिनं ते शरच्चंद्रांना फोनवर वाचून दाखवलं आणि मग म्हणाली, "सर, एक आठवलं. पॅराशूट बांधणारा प्रत्येक कार्डावर सही करतो, असं आजोबा मला लहानपणापासून सांगतात. सही केली की ती पॅराशूट त्याची. अधिकारी कधीही म्हणू शकतो, ही तू बांधलीस ना, मग तूच घालून उडी मार. असं एखादं कार्ड कुणाकडे असेल का?"

शरच्चंद्र तेव्हा खाली जेवत होते. हातात भाकरीचा तुकडा आणि समोर भिंत. पन्नास वर्षं त्यांनी ते कार्ड पाहिलं होतं, गणपतीत पुसलं होतं, पाहुण्यांना दाखवलं होतं. वाचलं मात्र नव्हतं. घरातल्या देवाच्या टाकावर काय कोरलंय ते आपण तरी कुठे वाचतो! हात धुऊन त्यांनी भिंग आणलं आणि खुर्चीवर चढले. तारखांचे रकाने, आणि शेवटच्या ओळीत, डिसेंबरातल्या त्या तारखेसमोर, निळ्या शाईत बारीक इंग्रजी सही. एस. बी. साळवे.

ते खुर्चीवरून उतरले. झाला तो आनंद कारकुनाचा. कागद सापडला होता! आणि तोही कसला, घरचाच. साळव्यांचं नाव आता परिशिष्ट ड मध्ये सन्मानानं जाणार होतं, पुराव्यासह, कार्डाच्या छायाचित्रासह. काचेवर उजेड चमकत होता, म्हणून त्यांनी चौकट खाली घेतली, मागचे खिळे काढले, काच बाजूला केली आणि पुठ्ठा उचलला.

पुठ्ठ्याखाली कार्डाचा आणखी एक रकाना होता. शेवटचा. दादांनी पुठ्ठा असा कापून घेतला होता, की तो रकाना बरोबर झाकला जावा. त्या तारखेसमोर त्याच निळ्या शाईत इंग्रजीत तीन वाक्यं होती. त्यांचा अर्थ असा : 'विमानात चढताना काढून घेतली. आत वजन सापडले. उडी झाली नाही.'

शरच्चंद्रांनी ते तीनदा वाचलं. इंग्रजी सोपं होतं, त्यामुळे सुटकेला वाव नव्हता. यादी आदल्या दिवशीची, कार्ड त्या दिवशीचं. नंतरचा कागद आधीच्या कागदाला रद्द करतो, हे त्यांनी स्वतः कचेरीत दहा नव्या कारकुनांना शिकवलं होतं. साळव्यांना पुस्तकात घ्यायचं तर हे कार्ड छापावं लागणार. आणि हे कार्ड छापलं, की चौथ्या प्रकरणातले दादा, उघडं दार, भातखाचरं, 'जय', सगळं जमिनीवर.

"शेवटी उघडलंत भावजी," मागून वहिनी म्हणाल्या. त्या केव्हापासून दारात उभ्या होत्या कोण जाणे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाला वर्ष व्हायच्या आत सांगितलं यांनी. मधे काच फुटली, तेव्हा नवीन मीच बसवून आणली की. पुठ्ठा आहे तसाच ठेवा म्हणून दुकानदाराला सांगितलं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दादा पॅराशूट पाठीवर बांधून विमानाच्या शिडीशी पोचले होते. मागून एक पॅकर, म्हणजे पॅराशूट बांधणारा, धावत आला आणि ओरडला, थांबा, ही उघडणार नाही. घड्या घालताना घडीवर ठेवायची वजनाची छोटी पिशवी आत राहिलीय. जादा पॅराशूट नव्हती, विमान थांबणार नव्हतं. दादा खाली राहिले. आठ दिवसांनी रस्त्यानं जाऊन पलटणीला मिळाले, विजयाच्या संचलनात चालले, त्याचा फोटो घरी आला. फोटो येण्याआधीच सासूबाईंनी पेपरातली बातमी वाचून गल्लीभर पेढे वाटले होते. दादा सुट्टीवर आले तेव्हा स्टेशनवर बँड होता. बँडसमोर उभं राहून, मी उडी मारली नाही, असं सांगायला जे धैर्य लागतं, ते विमानातून उडी मारायला लागतं त्याहून जास्त असतं. दादा गप्प बसले. मग गप्प बसण्याचीच सवय झाली.

"आणि हार?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"हार त्या सहीला. त्यानं धावत येऊन काढून घेतली नसती तर हे दगडासारखे खाली आले असते. हे म्हणायचे, हा माणूस भेटला तर मी त्याचे पाय धरीन. पुढे ती पॅराशूट बाद झाली तेव्हा कार्ड मागून घेतलं यांनी, पण माणसाची बदली झाली होती."

"मला का नाही सांगितलंत, वहिनी? मी इतिहास लिहितोय!"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही कागद विचारता," वहिनी म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. सबंध घरात, पलटणीत, परलोकात, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट फक्त एका माणसाला ठाऊक नव्हती, आणि तो पलटणीचा अधिकृत इतिहासकार होता.

चार दिवस शरच्चंद्र कट्ट्यावर गेले नाहीत. चार दिवसांत त्यांनी स्वतःशी बरीच वकिली केली. रकाना झाकून छायाचित्र छापता आलं असतं, दादांनीच वाट दाखवली होती. साळव्यांना कळवता आलं असतं, पुरावा मिळाला नाही. कर्नलसाहेबांना यातलं काही समजणार नव्हतं. पण एक गोष्ट त्यांना टोचत राहिली, आणि ती पुस्तकातली नव्हती. त्या दिवशी साळवे या चौकटीसमोर उभे होते. स्वतःची सही त्यांनी ओळखली नसेल? कागद मागणाऱ्या माणसाच्याच भिंतीवर कागद होता. एक बोट दाखवलं असतं तर झालं असतं. का दाखवलं नाही? दादांसाठी. निसळांच्या घराची अब्रू राहावी म्हणून तो माणूस पोराटोरांची थट्टा अंगावर घेऊन अर्धा चहा पिऊन निघून गेला. आणि आपण त्याला चष्मा पुसून दाखवला. शरच्चंद्रांना स्वतःची मनापासून लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच वाटली, त्यामुळे जरा जास्तच लागली.

पाचव्या दिवशी त्यांनी चौथं प्रकरण फाडलं. परिशिष्ट ड नव्यानं लिहिलं, त्याला मथळा दिला 'विमानतळावरील तुकडी', आणि खाली दोन नावं घातली. पहिलं सोपान बन्सी साळवे, पॅराशूट बांधणी. दुसरं भालचंद्र निसळ, लान्स नायक, उडी न झालेले. शेजारी कार्डाचं छायाचित्र, सगळ्या रकान्यांसकट. वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग म्हणाल्या, "सुटले हो हे एकदाचे."

प्रुफं आली तशी ती घेऊन शरच्चंद्र कोल्हारला निघाले. वहिनींचा गुडघा सुजला होता, नाहीतर त्याही येणार होत्या. त्यांनी बेसनाच्या लाडवांचा डबा दिला आणि निरोप दिला. "त्यांना म्हणावं, माझा सगळा संसार तुमच्यामुळे झाला. अस्संच्या अस्सं सांगा. कचेरीच्या भाषेत नको."

सोपान घरासमोर खाटेवर बसले होते. आत त्यांची बायको भागिरथी आणि रश्मी चहाचं बघत होत्या. शरच्चंद्रांनी डबा दिला, निरोप सांगितला, अगदी अस्साच्या अस्सा. मग प्रुफं पुढे केली. सोपाननी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. स्वतःच्या नावावर बोट थांबलं. नंतर दुसऱ्या नावावर.

"निसळसायबाला खाली आनलं तुमी," ते हळूच म्हणाले.

"खाली नाही. शेजारी." हे वाक्य शरच्चंद्रांनी एसटीत तयार करून ठेवलं होतं. आता ते उभे राहिले. "सोपानराव, तुम्ही त्या दिवशी सही ओळखली होती. तरी बोलला नाहीत. आमच्या दादांची लाज राखलीत. हा मोठेपणा..."

"बसा," सोपान म्हणाले. "बसा सायेब. कसला मोठेपना. तुमच्या दादासाटी न्हाई गप बसलो मी. माज्यासाटी बसलो."

ते उठून आत गेले आणि मूठ मिटून बाहेर आले. मूठ उघडली. तळहातावर एक छोटी कापडी पिशवी होती, लिंबाएवढी, आत शिशाच्या गोळ्या भरलेली. कापड काळं पडलं होतं.

"घडी सुटू नये म्हनून ठिवायची ही. टेबलाला बारा. एक पॅराशूट झाली की मोजायच्या. बारा भरल्या तरच सही. त्या दिवशी शेवटची बांधली, सही केली, पॅराशूट गेली, आन् मग मोजल्या. अकरा. सही आदी आन् मोजनी नंतर. घाई लई हुती, पन चूक ती चूक. पळत सुटलो. शिडीवरनं सायबाला खाली वडलं. इमान गेलं. सायेब माज्यासमोर हुबे, थरथर कापत हुते. म्हनाले, उगड. उगडली. पार उगडली सायेब, यक यक घडी." सोपान थांबले. "आत काय न्हवतं."

शरच्चंद्रांना समजलं नाही. "म्हणजे?"

"माज्या खिशात हुती. पँटीच्या. कवा ठिवली, आठवत न्हाई. त्यांच्याकडं पळालो तवा मांडीवर आपटत हुती, तरी ध्यानात आलं न्हाई. बराबर बांधलेली हुती ती पॅराशूट. माज्या हातची सगळ्यात चांगली. सायबाची उडी मी फुकट घालवली." त्यांनी मूठ मिटली. "आन् ते समोर हुबे. म्या पाठ फिरवली, खिशातनं काढली आन् म्हनलं, घावली सायेब, ही बगा. कार्डावर लिवून टाकलं. त्यांनी मला मिठी मारली. लेफ्टनंट न् सुभेदार बगत हुते, आन् मला मिठी."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर खडखडत गेला.

"एकशेचाळीस म्हनतो मी गावाला. एकशेएकोनचाळीसच उडाल्या. तुमच्या घरी कार्डाला हार बगितला तवा पायाखालची जमीन सरकली माज्या. सांगायला आल्तो निसळसायबाला. नाव छापायचं निमित्त हुतं. उशीर झाला." त्यांनी पिशवी पुढे केली. "आता लिवा हे. तुमी खऱ्याचं पुस्तक लिवताय. डिस्चार्ज बुक भिजलं, ही राहिली. हा पुरावा धरा."

शरच्चंद्रांनी पिशवी घेतली. दिसायची त्यापेक्षा जड होती. त्यांना दादा दिसले, शिडीशी कापत उभे असलेले, आणि मग पंचेचाळीस वर्षं दर डिसेंबरात झेंडूचा हार गुंफणारे. आपला जीव वाचला या समजुतीवर त्या माणसानं संसार केला होता. त्या समजुतीचे लाडू वहिनींनी सुजलेल्या गुडघ्यानं ओट्याशी उभं राहून वळले होते, आणि त्यांचा डबा खाटेवर होता. कार्ड खोटं बोलत होतं. खरं बोलत होता तो समोरचा म्हातारा, विनाकागदाचा. पस्तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता, आणि परिपत्रकही नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. डोळेही पुसले, पण ते चष्म्याच्या ओघात.

"सोपानराव," ते म्हणाले, "कार्डावर लिहिलंय, वजन आत सापडलं. खाली तुमची सही आहे. आणि ही पिशवी म्हणाल, तर तिच्यावर तारीख नाही, सही नाही, शिक्का नाही."

"अवो पन मी सांगतोय न्हवं! माज्या तोंडानं!"

"तेच तर." शरच्चंद्रांनी चष्मा परत लावला. "प्रस्तावना छापून झालीय. तोंडी माहिती आम्ही ग्राह्य धरत नाही."

सोपान त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत, हे शरच्चंद्रांनी पाहिलं नाही. इतिहासकारानं सगळंच पाहायचं नसतं, हे त्यांना फार उशिरा समजलं होतं.

रश्मी चहा घेऊन बाहेर आली. "काय झालं आजोबा?"

"काय न्हाई," सोपान नाक ओढत म्हणाले. "छापलं नाव. बग."

तिनं प्रुफं हातात घेतली आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, शेजारच्यांना ऐकू जाईल अशी. आतून भागिरथीबाई हात पुसत दाराशी आल्या. तेवढ्यात शरच्चंद्रांनी पिशवी पँटच्या खिशात टाकली. आज सोपाननी चहा पूर्ण प्यायला, वर अर्धा लाडू खाल्ला.

परतीची एसटी स्टँडवर लागलेली दिसली, तसे शरच्चंद्र एकाहत्तराव्या वर्षी पळाले. पळताना ती पिशवी मांडीवर आपटत होती. त्यांच्या ध्यानात येत होतं.